फर्मांकाकांची रपेट

लील, ३ मे १९९८

प्रिय मावशी,

तुला फोन केला की दोनच वाक्यं ऐकायला मिळतात. काका बाहेर गेलेत, आणि माझी भाजी करपते आहे. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र करपत नाही.

एक काम आहे. माझ्या शाळेतला दिदिए आणि त्याची बायको सोलेन यांनी नव्या सायकली घेतल्या आहेत. इथे आमच्याकडे सगळं सपाट, आणि वारा नेहमी तोंडावर. त्यांना चढ हवे आहेत, पायवाटा हव्या आहेत, बागांच्या दगडी भिंतींमधून जाणारे रस्ते हवे आहेत. मी म्हटलं, मग ब्रेझीजला जा. माझी आई गेल्यावर मी सगळ्या सुट्ट्या जिथे काढल्या ते गाव, आणि जिच्या हातचं खाऊन वाढले ती मावशी. महिनाअखेरच्या जोडसुट्टीत येऊ देत का त्यांना? वरची खोली रिकामीच असते ना?

काकांना सांग, मला नेलं होतं तसंच त्यांना न्यायचं. आधी धुण्याच्या हौदापासून सायकलवर, मग बागा संपतात त्या गेटापाशी सायकली ठेवून पायी कड्यापर्यंत, आणि वर दगडी खोपटात बसून चीज आणि पाव. द्राक्षबागा शेजारच्या रेमी शोदेला विकल्यापासून काका पाहुण्यांना हिंडवतात आणि खूश असतात, असं तूच लिहिलं होतंस. आणि हे काही फुकटे पाहुणे नाहीत, वाइन विकत घेतील.

तुझी,
मायलीस


ब्रेझीज, ९ मे

प्रिय मायलीस,

येऊ देत. खोली झाडून ठेवते. तुझ्या दिदिएला सांग, आमच्याकडे न्याहारी सातला असते, शहरातल्यासारखी दुपारी नाही.

तुझे काका ठणठणीत आहेत. रोज सायकल काढतात. पूर्वी कालव्यापर्यंत जायचे, आता त्याच्याही पुढे जातात. जेवायला कधी तीन वाजता येतात, कधी चार. मी ताट झाकून ठेवते. पायांना विसावा म्हणून नाही. खातात चांगलं. थोडे अबोल झालेत, पण बासष्टाव्या वर्षी माणसाने बडबड करावी असं कुठे लिहिलंय? एकदा बागा विकल्या की माणसाला बोलायला विषय कमी उरतो.

फोन तुला माहीत आहे, बोळात भिंतीला टांगलेला आहे. घरभर ऐकू जातं. मला तिथे उभं राहून बोलायला आवडत नाही, एवढंच. त्यात रागावण्यासारखं काही नाही.

एप्रिलच्या शेवटी पहाटे गारठा पडला. रेमीच्या खालच्या बागेतले कोंब काळे पडले. आपला तुकडा वाचला. विकला नाही तो, घराच्या मागचा. त्यात तुझे काका रोज जाऊन उभे राहतात.

पाहुण्यांना सांगून ठेव, फार प्रश्न विचारू नका म्हणावं. ते दाखवतील ते बघावं.

तुझी मावशी,
ऑर्तांस


लील, ८ जून

प्रिय मावशी,

दिदिए आणि सोलेन परत आल्यापासून शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नाही. तुझं जेवण, लाल रश्शातली अंडी, पांढऱ्या वाइनमध्ये घातलेलं काळ्या बेरीचं मद्य, सगळं ऐकून ऐकून माझे कान किटले. आणि काकांनी जी काय थट्टा केली! सोलेन सांगताना हसून हसून खाली बसते.

तुला ठाऊक असेलच, तरी सांगते. काका त्यांना हौदापासून घेऊन निघाले. प्रत्येक बागेचं नाव, कुठली भिंत कोणाच्या आजोबांनी रचली, कुठल्या कोपऱ्यात पाणी साचतं, सगळं सांगितलं. सोलेन म्हणते, असा माणूस तिने पाहिला नाही. वर खोपटात त्यांना बसवलं, म्हणाले, पाव घेऊन येतो. आणि गायब. ती दोघं बसली वाट बघत. एक तास झाला, दोन झाले. मग चर्चचा मनोरा बघत बघत आपली आपणच खाली उतरली, दोनदा चुकली, सोलेनचा पाय काट्यांनी ओरबाडला. घरी येऊन बघतात तर काका टेबलाशी सूप पीत बसलेले. यांना बघून उठले, हात पुढे केला आणि म्हणाले, "या, या. कुठून आलात? बसा, हिने सूप केलंय."

दिदिए म्हणतो, चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. एवढा कसलेला नट पॅरिसमध्ये मिळणार नाही. आणि तू म्हणे पाठ फिरवून भांडी घासत राहिलीस. मावशी, तूसुद्धा सामील होतीस ना?

मी ऑगस्टमध्ये येते आहे. मला असं सोडून गेले तर मात्र बघून घेईन म्हणावं.

मायलीस


ब्रेझीज, १५ जून

प्रिय मायलीस,

हो. ते पहिल्यापासून थट्टेखोर. तुला आठवत असेल.

सोलेनच्या पायाला काय लावलं? मी तिला मलम दिलं होतं, ती ते पलंगाखाली विसरली. पाठवून देते.

ऑगस्टमध्ये येऊ नकोस. उकाडा फार असतो आणि वरच्या खोलीला रंग काढायचा आहे. तू समुद्रावर जा. तुझ्या वयाच्या बाईने म्हाताऱ्यांच्या घरी सुट्टी घालवू नये.

बाकी सगळं ठीक. फाटकाला मी घंटा बांधली आहे. मांजर बाहेर जातं, ते कळावं म्हणून.

ऑर्तांस


लील, २ ऑगस्ट

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं असेल. तुमच्याकडे मांजर कधीच नव्हतं. मांजर जवळ आलं तरी काकांना शिंका येतात. मी लहानपणी एक पिल्लू उचलून आणलं होतं, ते तू त्याच संध्याकाळी पाववाल्याच्या बायकोला देऊन टाकलंस आणि मी दोन दिवस जेवले नव्हते.

आठ तारखेच्या गाडीने येते आहे. रंग काढायला मदत करीन.

मायलीस


लील, २३ ऑगस्ट

प्रिय मावशी,

मी निघाले तेव्हा तू फाटकाशी उभी होतीस आणि आपण दोघी हवेबद्दल बोललो. दहा दिवस आपण हवेबद्दलच बोललो. काका मला माझ्या आईच्या नावाने हाक मारत होते, आणि तू पुढ्यात ताट सरकवून म्हणायचीस, आवाज सारखा आहे ना तुझा, म्हणून. मीही मान डोलवली. आता लिहिते, कारण समोर मला बोलता आलं नसतं.

गुरुवारी मी काकांबरोबर सायकलवर गेले होते, ते तुला माहीत आहे. काय झालं ते मी तुला सांगितलं नाही.

काका पुढे, मी मागे. कुठे वळायचं, कुठे उतरायचं, कुठल्या दगडाशी चाक अडकतं, त्यांना सगळं ठाऊक. मला वाटलं, मावशी उगाच घाबरते. या वाटांवर या माणसाचं काहीही चुकणार नाही. रेमीच्या वरच्या बागेपाशी ते थांबले. सायकल भिंतीला लावली, पिशवीतून कात्री काढली आणि ओळीत शिरले. मला वाटलं, एखादं वाळकं पान काढत असतील. सगळ्याच बागांतून माणसं शेंडे खुडत होती, कात्री हातात असलेला म्हातारा कोणाच्या डोळ्यांवर यावा? मी भिंतीवर बसून दरीकडे बघत राहिले. त्या उन्हात मला फार सुख वाटत होतं.

मागे वळून पाहिलं तेव्हा त्यांनी अर्धी ओळ उरकली होती. थंडीतली छाटणी, मावशी, ऐन ऑगस्टमध्ये. प्रत्येक वेलीवर एक लांब काडी, एक आखूड, बाकी सगळं खाली. इतकी सुंदर छाटणी, की शाळेत शिकवायला न्यावी. आणि पायाशी घडांचा खच पडलेला, नुकते लालसर होऊ लागलेले. ते त्यावरूनच चालत होते. मला म्हणाले, "काड्या गोळा कर, आज जाळून टाकू. वारा पडलाय."

मी काही करायच्या आत रेमी आला. मला वाटलं, आता तो ओरडणार. तो त्या ओळीकडे बघत राहिला, टोपी काढली, पुन्हा घातली. मग म्हणाला, "फर्मां, चल, जेवायची वेळ झाली." आणि काका निमूटपणे सायकलकडे गेले.

रेमीने मला मागे थांबवून सांगितलं की ही चौथी वेळ आहे. पहिल्या वेळी तो तुझ्याकडे आला होता, तर तू म्हणालीस, तुझ्याच गड्यांनी नासधूस केली असेल, माझ्या नवऱ्यावर ढकलू नकोस. त्यानंतर तो आला नाही. पण बागेत त्याच्या मेव्हण्याचाही वाटा आहे, आणि मेव्हणा गप्प बसणार नाही. द्राक्षतोड झाली की तो नगराध्यक्षांकडे जाणार आहे. मग काकांना बोनच्या वृद्धाश्रमात ठेवतील. तिथे दार बाहेरून बंद असतं.

मी रेमीला म्हटलं, तुमचं द्राक्षवाल्यांचं मंडळ आहे ना, संत व्हॅन्सांचं? कोणी सभासद आजारी पडला की बाकीचे त्याची बाग करतात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. मग तुम्ही सगळे गप्प का? त्याने मला जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहिते. "तिने एकदा तोंडाने मागायला हवं. न बोलावता आम्ही कोणाच्या दारात जात नाही."

तर माग ना, मावशी. एक वाक्य आहे. नाहीतर दोघं माझ्याकडे या. माझी आतली खोली तुमचीच आहे.

मायलीस


ब्रेझीज, ३० ऑगस्ट

मायलीस,

लीलला येऊन ते काय बघतील? ट्रामच्या तारा? त्याही छाटायला निघतील.

तू म्हणतेस एक वाक्य. मी ते वाक्य ऐकलेलं आहे, तू नाही. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हा आमच्या शेजारची बेर्त मंडळाच्या सभेत उभी राहिली. तिच्या नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला होता. तिथे कागद चालत नाही, निरोप चालत नाही. घरच्या माणसाने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, माझ्या माणसाच्याने आता होत नाही. ती बोलली. दुसऱ्या दिवशी सगळे आले, तिची बाग अशी काही केली की कोणी नाव ठेवू नये. मीसुद्धा काड्या बांधायला गेले होते. पण त्या दिवसापासून तिच्या नवऱ्याला कोणी विचारलं नाही, की यंदा पाऊस कसा वाटतो, तोड कधी सुरू करावी. तो दारात खुर्चीवर बसलेला असायचा आणि लोक टोपी काढून त्याच्या डोक्यावरून बेर्तशी बोलायचे. त्याची जीभ शाबूत होती, मायलीस. तो त्या खुर्चीवर सहा वर्षं जगला, पण गावाच्या लेखी तो त्या सभेतच संपला.

आज तुझे काका सायकलवरून गेले की लोक म्हणतात, "काय फर्मां, कुठे?" आणि ते हात वर करतात. ते मला हवं आहे. मी तोंड उघडलं नाही तोवर ते फर्मां जूर्दां आहेत, द्राक्षवाले. उघडलं की ते ऑर्तांसचा आजारी नवरा.

रेमीशी मी चुकीचं वागले, ते मला समजतं. तू मला शिकवू नकोस. आणि माझ्या घरात राहून, माझं खाऊन, माझ्या पाठीमागे माझ्या नवऱ्याबद्दल शेजाऱ्यांशी बोलू नकोस.

आता काही दिवस लिहू नकोस.

ऑर्तांस


लील, ११ ऑक्टोबर

प्रिय मावशी,

तू लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहिते. तुला दुखवलं याचं मला वाईट वाटतं. जे लिहिलं ते खोटं होतं असं मात्र म्हणणार नाही.

तोड कशी झाली? तुमच्या तुकड्यावर कोण होतं? एवढं तरी कळव.

मायलीस


ब्रेझीज, २२ नोव्हेंबर

प्रिय मायलीस,

तोड चांगली झाली. आपला तुकडा मी आणि तुझ्या काकांनी दोघांनीच काढला. घड तोडण्यात त्यांची एक चूक झाली नाही. मी ओळीच्या पलीकडून त्यांच्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, हे सगळे लोक खोटं बोलतायत. डॉक्टरसुद्धा, तुला न सांगता मी त्यांना दाखवलं होतं तो.

गेल्या मंगळवारी धुकं होतं. अंगणातली विहीर दिसत नव्हती. मी तळघरात पिंपं बघायला उतरले, तेवढ्यात ते गेले. घंटा काढून खिशात घातली होती त्यांनी, ती नंतर सापडली. मला वर आल्यावर फाटक उघडं दिसलं. सायकल नव्हती.

मी फाटकाशी उभी राहिले. रेमीचं घर रस्त्याच्या पलीकडे. दार दिसत नव्हतं, पण त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ लागलेला ऐकू येत होता. मला तेवढा रस्ता ओलांडता येईना. मी मनाशी म्हणत होते, आता येतील, जेवायच्या वेळेला येतील. असा किती वेळ गेला मला माहीत नाही. मग चर्चची घंटा झाली आणि मी पलीकडे गेले, आणि रेमीच्या बायकोने दार उघडलं तर माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिने माझ्याकडे बघितलं, आत वळून रेमीला म्हणाली, "बूट घाल."

गावातले वीसेक पुरुष वर गेले. एका रांगेत, एकमेकांना हाका देत, ओळीओळीतून. अंधार पडायच्या आधी ते त्यांना खोपटात सापडले. एका पायात बूट होता. सायकल कड्याखाली पडलेली दिसली. सायकलच पडली. ते तिच्यावर नव्हते ते कसं, ते देवाला ठाऊक. रेमीने त्यांना विचारलं, इथे काय करतोस? तर म्हणाले, दोन पाहुणे वर आहेत, त्यांना पाव द्यायचा राहिला. कोटाच्या खिशात खरंच पाव होता.

हे लिहिताना मला रडू येतं आहे. दिवसभर येत नाही.

नगराध्यक्ष स्वतः आले होते. बरा माणूस आहे. म्हणाले, बोनला फेब्रुवारीपासून जागा आहे, आणि तोवर काही सोय झाली नाही तर त्यांचाही इलाज चालणार नाही. मेव्हण्याचं तर बोलायलाच नको. मंडळाची सभा संत व्हॅन्सांच्या दिवशी, बावीस जानेवारीला. मी उभी राहीन की नाही, मला माहीत नाही. तू येऊ नकोस. तू शेजारी बसलीस तर मी तुझ्या आधाराने बोलेन आणि मग ते बोलणं माझं राहणार नाही.

तुझी मावशी


लील, २९ नोव्हेंबर

प्रिय मावशी,

येत नाही. तुझं पत्र वाचून मी दिदिएला खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, आम्ही हसलो, आणि तुझी मावशी भांडी घासत होती.

तू जे ठरवशील ते बरोबर, असं मी म्हणणार नाही, तुला ते आवडायचंही नाही. पण तू जे ठरवशील त्यात मी आहे.

मायलीस


ब्रेझीज, २४ जानेवारी १९९९

प्रिय मायलीस,

परवा बर्फ पडलं होतं, तरी मिरवणूक निघाली. संताची लाकडी मूर्ती पेर्नांच्या घरातून शोदेंच्या घरी गेली. यंदा वर्षभर ती रेमीकडे. चर्चमधून सगळे गावाच्या सभागृहात आले. मी तुझ्या काकांना चांगला कोट घातला, दाढी केली, आणि शेजारी बसवलं. त्यांना घरी ठेवून त्यांच्या पाठीमागे हे बोलायचं, ते मला जमलं नसतं. जे व्हायचं ते त्यांच्या देखत होऊ दे, असं ठरवूनच गेले होते.

ओगुस्त पेर्ना अध्यक्ष आहे. आधी गेलेल्यांची नावं वाचली, मग हिशेब झाले, मग त्याने नेहमीप्रमाणे विचारलं की कोणाच्या घरी कोणी अडलेलं आहे का. विचारताना तो माझ्याकडे बघत नव्हता. कोणीच बघत नव्हतं. सगळे आपापल्या टोप्यांकडे बघत होते, आणि त्यावरूनच मला कळलं की सगळे वाट बघत आहेत.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकली त्याचा केवढा आवाज झाला. मी म्हटलं, "माझा माणूस आजारी आहे. त्याच्याने आता होत नाही. मला एकटीला आवरत नाही." नाव घ्यायचं होतं, फर्मां, ते माझ्या तोंडून निघालं नाही. शेजारी बसलेल्या माणसाकडे बघायचा मला धीर झाला नाही. मी तशीच उभी.

ओगुस्तने घसा साफ केला. म्हणाला, या घराची बाग थोडी आहे, ती आम्ही करूच. पण इथे काम बागेचं नाही, सोबतीचं आहे. रोज एकाने बरोबर जायचं, पायी किंवा सायकलवर, तो नेईल तिकडे. आपापल्या बागेतली एकेक ओळ मोकळी ठेवायची, त्याने तिथे हवी तेव्हा कात्री चालवावी. रेमीचा मेव्हणाही तिथे होता. त्याने हरकत घेतली नाही. मग ओगुस्तने विचारलं, सोमवार कोण घेतं?

पहिला हात माझ्या शेजारी वर झाला.

मायलीस, तुझ्या काकांनी हात वर केला होता. ताठ, सरळ, कोटाची बाही मागे सरकलेली. इतक्या वर्षांत या मंडळाने कधीही विचारलं आणि त्यांनी हात वर केला नाही असं झालेलंच नाही. त्यांना वाटलं, कोणी दुसराच अडला आहे.

"सोमवार माझा," ते म्हणाले. "आणि त्याच्या बायकोला सांगा, एकटी आहेस असं समजू नकोस म्हणावं."

कोणी हसलं नाही. कोणी मान खाली घातली नाही. ओगुस्तने त्यांच्याकडे बघून मान हलवली, डोक्यावरून नाही, त्यांच्या डोळ्यांत बघून, आणि म्हणाला, "बरं फर्मां. सोमवार तुझा. रेमी येईल तुझ्या मदतीला." मग बाकीचे हात वर झाले. मंगळवार, बुधवार, सगळे वार गेले. एका वाराला तिघं होते, त्यांच्यात वाद झाला.

घरी येताना त्यांनी माझा हात धरला होता. रस्ता निसरडा होता. मला विचारलं, कोण गं आजारी आहे? मी म्हटलं, तुमच्या ओळखीचा आहे. ते म्हणाले, मग जायलाच हवं.

उद्या सोमवार आहे.

तुझी,
ऑर्तांस मावशी